आजी ‘आज वेगळ्याच’ वागतायत: डिमेन्शिया असलेल्या माणसासाठी ॲम्ब्युलन्स बोलावताना

डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू हरवत नेणारा आजार, एका रात्रीत वाढत नाही. एवढं लक्षात राहिलं तरी पुढचं निम्मं काम सोपं होतं. अल्झायमर असो की आणखी कुठला प्रकार, माणूस उतरत जातो तो महिन्यांच्या आणि वर्षांच्या हिशेबाने. काल संध्याकाळी देवापुढे दिवा लावणाऱ्या, आपल्या हाताने आमटीभात खाणाऱ्या आजी आज सकाळी डोळेच उघडत नसतील, किंवा रात्रभर ओरडून भिंतीवरची माणसं दाखवत असतील, तर ते ‘आजार वाढला’ या खात्यात टाकून चालत नाही. त्यांना आणखी काहीतरी झालेलं असतं. छातीत, लघवीत, रक्तातल्या साखरेत, खुब्यात नाहीतर कवटीच्या आत. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या डिमेन्शियात तब्येत पायरी उतरल्यासारखी एकदम घसरते हे खरं. पण तिथली प्रत्येक पायरी म्हणजे एक नवा स्ट्रोक असू शकतो, त्यामुळे तीही इमर्जन्सीच.

या अचानक आलेल्या गोंधळाला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. जुनी माणसं ‘वातात बडबडतायत’ म्हणायची, आणि खरं सांगायचं तर ते जास्त नेमकं होतं. वात ताप उतरला की उतरतो, तो आजाराचा भाग आहे, हे त्या बोलण्यात धरलेलंच असायचं. नुकसान केलं ते ‘म्हातारचळ’ या शब्दाने. तो एकदा उच्चारला की पुढे कुणी काही शोधत नाही.

भारतात साठीच्या पुढच्या माणसांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला देशव्यापी अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेकांचं निदान कागदावर झालेलंच नसतं. म्हणून ॲम्ब्युलन्सच्या डॉक्टरला घरात शिरताना समोरच्या आजींना डिमेन्शिया आहे, डिलिरियम आहे, की एकावर दुसरं चढलंय, हे माहीत नसतं. हे सांगू शकणारा माणूस त्या खोलीत एकच असतो: रोज त्यांच्याबरोबर राहणारा. कधी ती सून असते, कधी मुलगा, कधी ब्युरोकडून आलेली चोवीस तासांची मावशी. तिचा एकही नातलग त्या घरात नसतो, तरी आजींनी काल किती भाकरी खाल्ली हे तिलाच ठाऊक असतं.

शांत झालेला पेशंट जास्त धोक्याचा

डिलिरियम म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो आरडाओरडा, कपडे ओढणं, मारायला धावणं. दुसरा प्रकार अगदी उलटा असतो. माणूस पेंगतो, हाक मारली की डोळे किलकिले करतो, घास तोंडात तसाच ठेवतो, कूस बदलत नाही. घरच्यांना उलट बरं वाटतं, ‘दोन दिवस झाले, त्रासच देत नाहीत’. हा गप्प डिलिरियम सर्वांत जास्त निसटतो आणि याच माणसांचे हाल जास्त होतात. पाणी पोटात जात नाही, पडून राहिल्याने छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात. नेहमी घरभर येरझाऱ्या घालणारे आजोबा एकाएकी शहाण्यासारखे पडून राहिले, तर लगेच तपासून घ्या.

तपासायची एक साधी चाचणी इमर्जन्सीत वापरतात, तिचं नाव ‘फोर ए-टी’. दोन-तीन मिनिटांत होते. पेशंट जागा आणि सावध आहे का, हे पहिलं. वय, जन्मतारीख, आत्ता कुठे आहात आणि कोणतं साल, हे चार प्रश्न दुसरं. वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायचे, हे तिसरं. आणि अलीकडच्या काही दिवसांत अचानक बदल झालाय का, दिवसभरात तो कमीजास्त होतो का, हे चौथं. चार किंवा जास्त गुण झाले तर डिलिरियमची शक्यता धरतात. गंमत अशी, की डिमेन्शिया असलेला माणूस दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात तसाही नापास होणार. फरक पडतो तो पहिल्या आणि चौथ्या भागात, आणि त्या दोन्हींना प्रत्येकी पूर्ण चार गुण आहेत. चौथ्याचं उत्तर पेशंट देऊच शकत नाही. ते घरच्यांनीच द्यायचं.

फोनवर काय सांगायचं

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ ॲम्ब्युलन्सनी सुरू झाली. त्यांत २३३ जास्त साधनांच्या आणि ७०४ मूलभूत साधनांच्या होत्या. गाडीत डॉक्टर असतो आणि पैसे लागत नाहीत. खासगी ॲम्ब्युलन्स बोलावली तर आत डॉक्टर किंवा प्रशिक्षित माणूस आहे का, ते आधी विचारा; पुष्कळदा ड्रायव्हर आणि ऑक्सिजनचा सिलिंडर एवढंच येतं.

फोनवर ‘वेड्यासारखं करतायत’ म्हणू नका. पलीकडच्या माणसाला त्यातून काही कळत नाही, आणि कळलं तर चुकीचं कळतं. असं सांगा: ‘बाई, वय ८१. तीन वर्षांपासून डिमेन्शिया. काल रात्री दहापर्यंत नेहमीसारख्या होत्या. आज सकाळी सहापासून हाक मारली तर ओ देत नाहीत, श्वास जोरात चाललाय. शुगरची गोळी चालू आहे.’ वय, काल कशा होत्या, कधीपासून बदललं, श्वास, शुद्ध, चालू औषधं. मग पत्ता आणि जवळची खूण. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का, तेही सांगा. पुण्यामुंबईच्या पुष्कळ जुन्या इमारतींत मावत नाही, आणि खुर्ची आणायला परत खाली जाण्यात वेळ जातो.

‘शेवटचं ठीक कधी पाहिलं’ ही वेळ स्ट्रोकमध्ये सोन्याच्या मोलाची असते, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सकाळी उठल्यावर लक्षात आलं असेल, तर घड्याळ सकाळपासून चालू होत नाही. ते रात्री झोपताना ठीक होते तिथपासून धरतात. तोंड वाकडं झालंय का, दोन्ही हात सारखे वर उचलले जातात का, बोलणं अडखळतंय का, हे तिन्ही पाहायचं. पण डिमेन्शियात बोलणं आधीच तुटक असतं आणि ‘हात वर करा’ ही सूचना कळतेच असं नाही. मग दोन्ही हात आपणच धरून वर नेऊन सोडायचे आणि कुठला आधी पडतो ते बघायचं. तोंडाला काल नसलेला वाकडेपणा आहे का, ते घरच्यांनीच सांगायचं.

गाडी यायच्या आत करायची कामं थोडी आहेत. टीव्ही बंद करा, दिवे लावा, कुत्रा असेल तर आतल्या खोलीत. शेजारची चार माणसं दारात जमली असतील तर त्यांना प्रेमाने घरी पाठवा. चष्मा, कानातलं मशीन, कवळी आणि औषधांच्या स्ट्रिप एका पिशवीत टाका. नुसती औषधांची यादी पुरत नाही, स्ट्रिपच हव्यात. किती गोळ्या उरल्यात यावरून किती पोटात गेल्या ते कळतं. गिळता येत नसेल किंवा पेशंट पेंगत असेल, तर तोंडात काही घालू नका. चमचाभर पाणीही नको, ते थेट फुप्फुसात जाऊ शकतं.

साखर आधी

गोंधळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत पहिल्या पाच मिनिटांत व्हायलाच हवी अशी तपासणी म्हणजे बोटाच्या टोकातून रक्तातली साखर. मधुमेहाची गोळी घेतली आणि जेवायचं विसरले, किंवा गोळी घेतल्याचं विसरून पुन्हा घेतली, हे डिमेन्शियात सर्रास होतं. साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, चिडचिड, भलतंच बोलणं सुरू होतं. आणखी उतरली की बेशुद्धी, फिट. पेशंट जागा असेल, नीट गिळत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. नसेल तर डॉक्टर शिरेतून ग्लुकोज देतात.

इथे एक फसगत ठरलेली. ग्लुकोज दिलं, आजोबा पाच मिनिटांत उठून बसले, चहा मागितला, आणि घरचे म्हणाले, ‘आता कशाला हॉस्पिटल?’ गोळी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडसारखी असेल तर तिचा असर कितीतरी तास राहतो, मूत्रपिंडं कमजोर असतील तर त्याहूनही जास्त. दोन-तीन तासांत साखर परत खाली येते, आणि तेव्हा गाडी निघून गेलेली असते. अशा पेशंटला न्यावंच लागतं.

हात लावण्याआधी

बाकीच्या तपासण्यांचा क्रमही इथे उलटा लागतो. कमीत कमी त्रासाचं आधी. श्वास मोजायला हात लावावा लागत नाही. दारात उभं राहून, घरच्यांशी बोलता बोलता, अर्धा मिनिट छातीकडे बघायचं आणि दुप्पट करायचं. १२ ते २० ठीक. २५ च्या वर गेला की न्यूमोनियाचा संशय घ्यायचा, ताप नसला तरी. म्हातारपणी ताप हा भरवशाचा साक्षीदार नाही. नेहमी ९७ फॅरनहाइट असणाऱ्या माणसाचं ९९ सुद्धा खूप असू शकतं. हार्ट अटॅकचंही तसंच. छातीत दुखतंय म्हणून सांगणारं कुणी नसतं. दिसतो तो फक्त घाम, धाप, उलटी किंवा एकाएकी आलेली मरगळ.

मग बोटाला ऑक्सिमीटर. हात गार असतील तर आधी आपल्या हातात धरून ऊब आणायची, नाहीतर आकडा खोटा येतो. त्यानंतर थर्मामीटर. बीपीचा पट्टा सर्वांत शेवटी, कारण तो दंड आवळतो, आणि कळत नसलेल्या माणसाला ते कुणीतरी हात पिळतंय असंच वाटतं. तो आधी मुलीच्या दंडाला बांधून दाखवला, की आजी बऱ्याचदा स्वतःच हात पुढे करतात.

बोलायची पद्धत हा सौजन्याचा मामला वाटतो, पण तीही उपचारातच मोडते. बाजूने किंवा मागून येऊन खांद्याला हात लावला की माणूस दचकतो आणि झटका मारतो, त्याचीच पुढे ‘पेशंट आक्रमक आहे’ अशी नोंद होते. समोरून यायचं, खाली बसायचं, डोळ्याला डोळा मिळाल्यावर बोलायचं. खोलीत बोलणारा एकच. ‘काय होतंय तुम्हाला?’ याचं उत्तर त्यांना सापडत नाही. ‘आजी, इथे दुखतं?’ याचं सापडतं. प्रश्न विचारून मनात दहा आकडे मोजायचे. आठव्या आकड्याला उत्तर येतं, आणि बहुतेक माणसं तिसऱ्यालाच दुसरा प्रश्न टाकून मोकळी होतात.

भाषा त्यांचीच हवी. नंतर शिकलेली भाषा आधी विरते आणि लहानपणची शेवटपर्यंत टिकते, हे दोन भाषांत वावरलेल्या पुष्कळांच्या बाबतीत दिसतं. चाळीस वर्षं मुंबईत नोकरी केलेले आजोबा डॉक्टरच्या इंग्रजी-हिंदीला दाद देत नाहीत आणि मालवणीत किंवा अहिराणीत विचारलं की उत्तर देतात. नावही घरातलं. केसपेपरवरच्या ‘मिसेस सुमती’ला त्या ओळखतच नसतील, ‘माई’ म्हटलं की मान वळते. ‘मला घरी जायचंय’ असं घरातच बसून म्हणाल्या, तर ‘हेच तुमचं घर’ म्हणून वाद घालू नका. ‘हो, जाऊ. आधी गाडीत बसू या’ एवढं पुरतं.

दुखणं सांगता येत नाही तेव्हा

खुब्याचं हाड मोडलेल्या दोन आजी शेजारच्या खाटांवर असतील, तर ज्या ‘आई गं, मेले’ म्हणून सांगू शकतात त्यांना वेदनाशामक औषध मिळतं. ज्या नुसत्या चादर चुरगाळत कण्हत राहतात त्यांना कमी मिळतं, किंवा झोपेचं इंजेक्शन मिळतं. अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. म्हणून न बोलणाऱ्या माणसाचं दुखणं मोजायची वेगळी पट्टी आहे. तिच्यात पाच गोष्टी बघतात: श्वास, आवाज, चेहरा, अंगाची ठेवण, आणि समजूत काढली तर शांत होतात का. प्रत्येकाला शून्य ते दोन, एकूण दहा. कपाळाला आठ्या, मुठी आवळलेल्या, गुडघे पोटाशी ओढलेले, हात लावताच ढकलणं, हे सगळं दुखण्याचं बोलणं आहे. कूस बदलताना ओरडतात आणि पडून असताना नाही, एवढं जरी घरच्यांनी सांगितलं तरी डॉक्टरचं लक्ष नेमकं तिथे जातं.

पडल्यावर एक पाय आखूड आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं दिसलं, तर खुबा मोडला असं धरूनच चाला. उभं करून ‘चालून बघा जरा’ हा प्रयोग नको. मोडलेलं हाड कधी कधी एकमेकांत रुतून बसतं आणि माणूस लंगडत चालतोही, नंतर पाऊल टाकता टाकता ते सरकतं. फरशीवर किती वेळ पडून होते, हेही सांगा. तासाभराहून जास्त असेल तर दबलेले स्नायू विरघळून त्यांचा कचरा मूत्रपिंडात अडकू शकतो. लघवी चहासारखी काळपट होते. त्या माणसाला बाहेरून काही लागलेलं नसलं तरी रक्त तपासावं लागतं.

डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर टेंगूळ असो-नसो, सीटी स्कॅनची सोय असलेल्याच ठिकाणी न्यायचं. म्हातारपणी आणि डिमेन्शियात मेंदू आक्रसतो, कवटी आणि मेंदूमधल्या शिरा ताणल्या जातात आणि साध्या धक्क्याने फुटतात. रक्त इतकं सावकाश साठतं, की दोन-तीन आठवड्यांनी पेंग, तोल जाणं, एका बाजूचा अशक्तपणा दिसू लागतो. ‘गेल्या महिन्यात बाथरूममध्ये पडले होते, पण काही झालं नव्हतं’ हे वाक्य म्हणूनच गिळू नका, सांगा.

पाठीला बाक आलेल्या माणसाला सपाट कडक बोर्डावर पट्ट्यांनी आवळलं की दुखणं वाढतं, घाबरणं वाढतं, धडपड वाढते, आणि ज्या मानेला जपायचं तीच जास्त हलते. मानेची कॉलर ओढून काढणाऱ्या पेशंटशी झटापट करण्यापेक्षा गुंडाळलेले टॉवेल दोन्ही बाजूंना लावणं बरं.

इंजेक्शन आणि बांधणं

‘आधी एक झोपेचं इंजेक्शन द्या हो, मग नेऊ’ ही मागणी समजण्यासारखी आहे. तीन रात्री जागलेलं घर आणखी काय म्हणणार? पण ते इंजेक्शन शेवटचा उपाय आहे, आणि त्यामागे कारणं आहेत. मिडाझोलाम, लोराझेपाम या गटातल्या औषधांनी श्वास मंदावतो आणि डिलिरियम उलट वाढू शकतो. प्रोमेथॅझिन, जे शांत करणाऱ्या हॅलोपेरिडॉलबरोबर जोडीने टोचायची आपल्याकडे सवय आहे, ते मेंदूतल्या ज्या रसायनाची डिमेन्शियात आधीच टंचाई असते त्याचाच रस्ता अडवतं. सर्दीच्या साध्या क्लोरफेनिरामिनमध्ये, पोटदुखीच्या डायसायक्लोमिनमध्ये, झोपेसाठी दिलेल्या ॲमिट्रिप्टिलिनमध्येही तोच दोष आहे. बडबड सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात यांतलं काही नवं सुरू झालं असेल, तर कोडं बहुधा तिथेच सुटतं.

हॅलोपेरिडॉल द्यायची वेळ आलीच तर सुरुवात अर्ध्या मिलिग्रॅमपासून होते. तरण्या माणसाला देतात ती पाच मिलिग्रॅमची ॲम्प्यूल इथे दहापट ठरते. आणि लेवी बॉडी नावाचा डिमेन्शिया किंवा पार्किन्सन असेल, तर ते द्यायचंच नाही. अंग लाकडासारखं कडक होतं, शुद्ध हरपते, जीवही जाऊ शकतो. उलटीसाठी सर्रास टोचलं जाणारं मेटोक्लोप्रमाइडही पार्किन्सनवाल्यांना चालत नाही. त्याऐवजी ऑन्डान्सेट्रॉन मागता येतं. लेवी बॉडीच्या पेशंटला खोलीत लहान मुलं किंवा प्राणी अगदी स्पष्ट दिसतात, अंग कडक आणि चाल संथ असते, सावधपणा तासातासाला बदलतो. निदान कागदावर नसलं तरी हे वर्णन डॉक्टरला सांगा.

डिमेन्शियाच्या औषधांचेही स्वतःचे अपघात आहेत. डोनेपेझिलने नाडी मंद होते, माणूस चक्कर येऊन पडतो. म्हणून पडलेल्या माणसाचा ईसीजी काढायला सांगा. रिवास्टिग्मिनची पट्टी रोज नवी लावायची असते आणि जुनी काढायची असते. काढायची राहिली, की पाठीवर तीन-चार पट्ट्या सापडतात. उलट्या, घाम, लाळ, मंद नाडी आणि कारण काही कळत नाही, अशा वेळी सदरा वर करून पाठ, दंड, छाती नीट पाहायची.

हात ओढणीने खाटेला बांधणं हा सगळ्यात वाईट मार्ग. बांधलेला माणूस सुटण्यासाठी जास्त ताकद लावतो, पातळ कातडी सोलवटते, खांदा निखळतो. पालथं दाबून धरलं तर श्वास कोंडतो. ओढाओढ बहुतेक वेळा कशासाठी तरी चाललेली असते: लघवी तुंबलीय, डायपर ओला आहे, शौच चार दिवस झालेलं नाही, तहान लागलीय, सुई टोचतेय. तुंबलेली लघवी मोकळी झाली आणि आजोबा दहा मिनिटांत झोपी गेले, हे कुठल्याही कॅज्युअल्टीतलं रोजचं दृश्य आहे.

लघवीवरून एक गोष्ट. ‘युरिन इन्फेक्शन’ हे म्हाताऱ्यांच्या प्रत्येक गोंधळाचं सोयीचं उत्तर होऊन बसलंय. वयस्क बायकांच्या लघवीत जंतू एरवीही सापडतात, काही त्रास नसताना. नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिक सुरू झालं आणि शोध थांबला, की न्यूमोनिया किंवा रक्तातलं उतरलेलं सोडियम मागे राहून जातं. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर सोडियम तपासलंय का, हे विचारायला हरकत नाही.

जिन्यावरून गाडीपर्यंत

खुर्चीत बसवून जिना उतरवताना धोक्याची जागा म्हणजे कठडा. खाली जातोय असं वाटलं की माणूस हाताला लागेल ते घट्ट धरतो. वरचा माणूस मागे खेचला जातो, खालचा पुढे जातो, आणि तिघंही एकमेकांवर. ‘हात आत घ्या’ म्हणून उपयोग नाही. हाताला काम द्यायचं: मांडीवर उशी, औषधांची पिशवी किंवा त्यांची पर्स द्यायची आणि म्हणायचं, ‘माई, ही सांभाळा हं, पाडू नका.’ दोन्ही हात पिशवीवर राहतात. खुर्ची अशी धरायची की तोंड समोरच्या, ओळखीच्या माणसाकडे राहील.

गाडीत घरचं एक माणूस पाठीमागे, पेशंटच्या नजरेसमोर बसलं पाहिजे. पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेल्या मुलाचा काही उपयोग नाही. रस्ता मोकळा असेल तर सायरन बंद ठेवायला सांगता येतं. अंगावर घरचीच चादर घाला. तिचा वास ओळखीचा असतो. ऑक्सिजनचा मास्क ओढून काढत असतील तर नाकातली बारीक नळी जास्त सहन होते, आणि मिनिटाला दोन लिटर पुष्कळांना पुरतात. पूर्वी विडीच्या किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसं खराब झालेल्यांत ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्के ठेवतात, बाकीच्यांत ९४ ते ९८. सलाइनची सुई पंजावर न लावता कोपराच्या खाली लावून वर बँडेज गुंडाळलं आणि बाही ओढून घेतली की ती दिसत नाही. दिसली नाही की उपटली जात नाही.

कॅज्युअल्टीच्या दारात

‘नातेवाईक बाहेर थांबा’ हा नियम इथे मोडायला लावा. भांडू नका, कारण सांगा: ‘त्यांना डिमेन्शिया आहे, त्यांचं म्हणणं मला कळतं, मी कोपऱ्यात उभी राहते.’ ॲम्ब्युलन्सच्या डॉक्टरने पेशंट सोपवताना ‘डिमेन्शियाचा पेशंट, इरिटेबल आहे’ असं म्हटलं, तर तिथल्या तिथे दुरुस्त करा: ‘परवापर्यंत चालत होत्या, बोलत होत्या. हे दोन दिवसांतलं आहे.’ केसपेपरवर तेवढी एक ओळ लिहून घ्या.

शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत, ही इच्छा मृत्युपत्रासारखी आधीच लिहून ठेवणाऱ्यांची संख्या वाढते आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ ला प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पण कृत्रिम आधार थांबवायचा निर्णय रुग्णालयात डॉक्टरांच्या दोन मंडळांनी मिळून घ्यायचा असतो. तो कागद जिन्यात दाखवून ॲम्ब्युलन्सच्या डॉक्टरला छाती दाबण्यापासून थांबवता येईल अशी अपेक्षा ठेवू नका. शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला मुळात न्यायचं की नाही, हे घराने आणि घरच्या डॉक्टरने फोन करायच्या आधी, शांतपणे ठरवलेलं बरं.

लघवीची नळी नुसत्या सोयीसाठी घालू देऊ नका. डिमेन्शियात ती ओढली जाते, आत फुगवलेल्या फुग्यासकट, आणि रक्तस्राव होतो. घातली असेल तर रोज विचारा, आज काढता येईल का.

या सगळ्यासाठी घरात एकच कागद असला तरी भागतं. नाव आणि हाकेचं नाव. बोलीभाषा. सगळे आजार, पेसमेकर, ॲलर्जी. औषधं, आणि कुठली किती वाजता. स्वतः काय काय करतात: चालणं, खाणं, संडास, ओळख. कशाने शांत होतात (हरिपाठ, पाठीवरून हात, हातात रुमालाच्या घड्या). कशाने बिथरतात. दोन फोन नंबर. हा कागद औषधांच्या डब्याला चिकटवा, त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या आणि मावशीच्याही फोनमध्ये ठेवा. वर तारीख घाला आणि दर तीन महिन्यांनी नवा करा. हॉस्पिटलातून घरी आल्यावर मात्र लगेच नको. डिलिरियम उतरायला दिवस लागतात, कधी काही आठवडे, आणि त्या मधल्या काळातल्या आजी म्हणजे त्यांची नेहमीची तब्येत नव्हे. महिनाभर थांबून, त्या जिथे स्थिरावतील ते लिहा.